नळाचं गणित

“बाई, एका टाकीले दोन नळ कोणाच्या घरी राहतात?” नत्थूनं विचारलं. सातवीचा वर्ग हसला. “आन् हे शिकून कराचं काय?”

लतिकाला राग आला नाही, उलट उमेदच आली. जरीपटका भागाजवळच्या या शाळेत शिकवायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. गणित रोजच्या जगण्यातलं असतं, हे पोरांना दाखवायचंच, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरताच ती वर्ग घेऊन वस्तीतल्या सार्वजनिक नळावर गेली.

चैत्र सरत आला होता. नळापुढे पाण्याच्या गुंडांची, पितळी घागरींची रांग होती. पहिला गुंड कांताबाईचा, वर्गातल्या जयवंता नावाच्या मुलीच्या आईचा. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून तिच्या घरात शिक्षणाच्या नावानं मागितलेलं काही नाकारलं जात नसे.

“मुलांना शिकवायचंय. थोडा वेळ नळ द्याल?”

“घ्या ना बाई.” कांताबाईनं गुंड बाजूला घेतला. “सरका वं, पोरं शिकून राहिली.”

बादली भरायची, घड्याळ बघायचं, ओतून द्यायची. मग नळ अर्धा सोडून पुन्हा तेच. उत्तर जुळलं तेव्हा पहिली टाळी नत्थूनंच वाजवली. लतिकाचा चेहरा उजळला. पायाशी झालेला ओहोळ तिला दिसलाच नाही. धरमपेठेतल्या तिच्या घरी टाकी सदा भरलेली असे.

नळ खरखरला आणि बंद पडला. आता पाणी उद्या सकाळीच.

रांगेतली इंदूबाई म्हणाली, “घे कांता, आता गणितातच भात शिजव.”

“चूप वं!” कांताबाई लतिकाकडे वळून हसली. “मनाले लावून घेऊ नका, बाई. पोरं शिकली ना?”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या हसण्यापुढे लतिकाची मान वर होईना. माफी मागायची सोडून ती मुलांची रांग लावू लागली.

वर्ग शाळेत परतला. जयवंता आईबरोबर रुळांपलीकडच्या विहिरीवर गेली. ती आली तेव्हा पुढचा धडा सुरू झाला होता. तिचा खांदा भिजलेला होता. उशिरा येणाऱ्यानं दाराबाहेर उभं राहायचं, हा लतिकाचाच नियम. जयवंता काही न विचारता बाहेर उभी राहिली आणि तिथूनच फळ्यावरचं वहीत उतरवू लागली.

‘आत ये’, एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी लतिकाला दारापर्यंत चालत जावं लागलं, आणि तरीही ते नीट म्हणता आलं नाही.