व्हर्लिन टॅकेटचा ट्रेलर

२९ मार्च २०१९. सहाशे चाळीस डॉलर. एप्रिलच्या भाड्याचा एवढ्या रकमेचा चेक व्हर्लिन टॅकेटने माझ्या टेबलावर ठेवला, आणि मी त्याच्या हातात नोटीस ठेवली.

आमचे ट्रेलर पार्क, म्हणजे गाडीने ओढायच्या चाकांवरच्या घरांची वस्ती, ॲरिझोनात, विकेनबर्गच्या बाहेर. मी तिथला हिशेब पाहतो. फेब्रुवारीत एका कंपनीने पार्क विकत घेतले आणि नियम केला, की दहा वर्षांहून जुना ट्रेलर इथे राहणार नाही. व्हर्लिनचा ट्रेलर सतरा वर्षांचा होता. एप्रिलअखेर त्याने जागा सोडायची होती.

“मी एकाहत्तरचा आहे,” व्हर्लिन म्हणाला. “मला चालवून घेता, आणि त्याला नाही?”

“तुला चाकं नाहीत म्हणून,” त्याची बायको नोला म्हणाली.

व्हर्लिनने केंटकीत चौतीस वर्षे लोकांच्या घरांत गालिचे बसवले. गुडघे गेले तेव्हा नवरा-बायकोने घर विकले, एक ट्रेलर घेतला आणि तो ओढायला एक पिकअप. ‘ही गाडी हा ट्रेलर आरामात ओढेल,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. ते खरे होते, पण रिकाम्या ट्रेलरपुरते. नोलाचे शिवणयंत्र, बिडाचे तवे, मुरंब्याच्या बरण्या, व्हर्लिनची हत्यारे हे कोणी वजनात धरले नाही. ॲरिझोनात पोचेपर्यंत पिकअपचा गिअरबॉक्स दोनदा तापून बसला, आणि पुढे तो कधी पूर्ण बरा झाला नाही.

पार्कात नवीन ट्रेलर आला की आम्ही खुर्च्या बाहेर काढतो. नवरा गाडी मागे घेतो, बायको मागे उभी राहून हात करते, आणि पाच मिनिटांत दोघांचे सगळे जुने हिशेब निघतात. टॅकेट आले तेव्हा आमची निराशा झाली. नोलाने दोनदा मनगट हलवले, एकदा तळवा दाखवला आणि ट्रेलर जागेवर बसला. एक शब्द नाही.

एप्रिलभर व्हर्लिन माझ्या ऑफिसातून फोन करत राहिला. पार्क कुठलेही असो, पहिला प्रश्न एकच. ट्रेलर कुठल्या सालचा?

“दोन हजार दोन,” तो सांगे, आणि पलीकडून फोन बंद.

“बारा म्हण,” नोला खुर्चीतून म्हणाली. “दोनच्या आधी एक. एवढ्यानं कुणाचं काय जातं?”

“कागद मागतात.”

“मग बायको आजारी आहे म्हण.”

“कुठे आहेस?”

“होईन की. सवड दे जरा.”

शेवटी घाटावरच्या एका लहान पार्कातली म्हातारी मालकीण म्हणाली, “मी साल विचारत नाही. फोटो पाठवा. डोळ्याला बरा दिसला तर या.”

व्हर्लिनकडे चोवीसशे डॉलर होते. नाक्यावरचा मेकॅनिक चुई वडीलधाऱ्यांना स्पॅनिश रीतीने आदराने ‘डॉन’ म्हणे. तो पिकअपच्या खालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “डॉन व्हर्लिन, हे पैसे गिअरबॉक्सला लावा. असाच घाट चढलात तर तिथे येऊन गाडीखाली मलाच शिरावं लागेल.”

“फोटोत गिअरबॉक्स दिसत नाही रे, चुई,” व्हर्लिन म्हणाला.

आमच्यात हे सगळेच करतात. जुन्या ट्रेलरला तरुण तोंड द्यायचे, आणि ते खोटे कोणी धरत नाही. व्हर्लिनने नवे छत घेतले, बाजूच्या फिकट पट्ट्या काढून निळ्या लावल्या, खिडक्यांची रबरे बदलली, पत्रा घासून घासून चकचकीत केला. नोलाने नवे पडदे शिवले. फोटो मी काढला. संध्याकाळी उत्तर आले. शनिवारी, सत्तावीस तारखेला या.

“नवरदेव दिसतोय,” नोला ट्रेलरकडे बघत म्हणाली.

“आपल्या लग्नात मी असा दिसत होतो?”

“तू गिअरबॉक्स होतास.”

शनिवारी सकाळी त्याने पाण्याची टाकी रिकामी केली. बरण्या आणि तवे माझ्या गाडीत घेतले. शिवणयंत्राचा विषय व्हर्लिनने काढला नाही, नोलानेही नाही. ते ट्रेलरमध्येच राहिले. मी त्यांच्या मागून निघालो.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर पिकअपचा आवाज वाढला आणि वेग गेला. जळक्या तेलाचा वास माझ्या गाडीत आला. व्हर्लिनने कडेला घेऊन चाकांमागे दगड लावले. तासभर थांबून त्याने पुन्हा चालवून पाहिले. इंजिन ओरडत होते, चाके हलत नव्हती.

“चल की, म्हाताऱ्या,” नोला म्हणाली. गाडीला की नवऱ्याला, ते मी विचारले नाही.

महामार्गाच्या पोलिसाने ओढून नेणाऱ्या गाड्या बोलावल्या. ट्रेलर वरच्या पार्कापर्यंत न्यायचे साडेनऊशे मागितले. आम्हा तिघांच्या खिशात मिळून तीनशे दहा निघाले. फोन करून विचारल्यावर मालकीण म्हणाली, “ज्याला ओढायला स्वतःची गाडी नाही, तो ट्रेलर माझ्याकडून पुन्हा हलत नाही. मला माफ करा.” मग पिकअप आणि ट्रेलर दोन्ही खाली, ओढून आणलेल्या वाहनांच्या आवारात नेल्या.

तिथे मोडक्या मोटारींमध्ये एक अरुंद जागा होती. चालक ट्रेलर मागे घेऊ लागला तशी नोला माझ्या गाडीतून उतरली आणि मागे जाऊन उभी राहिली. तिने मनगट हलवले. डावीकडे, आणखी थोडे. चालक मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होता. तिने तळवा दाखवला. ट्रेलर त्याच्या पुढे हातभर जाऊन थांबला आणि मागची नवी निळी पट्टी एका बंपरला घासली.

“थांब म्हटलं होतं मी,” ती म्हणाली.

व्हर्लिन पिकअपच्या पायरीवर बसून होता. त्याने वर पाहिले नाही.

आवाराचे भाडे रोज चढत होते. ते दोघे आठवड्याच्या भाड्याच्या मोटेलात राहिले आणि जूनमध्ये, चढलेल्या भाड्यापोटी, व्हर्लिनने ट्रेलरचे कागद आवारवाल्याच्या नावे केले. पिकअप चुईने भंगारात घेतली. त्या पैशांत केंटकीच्या बसची दोन तिकिटे आली. शिवणयंत्र बसमध्ये चढवू दिले नाही. ते माझ्या ऑफिसात आहे, बरण्यांशेजारी.

जाण्याआधी व्हर्लिन पार्काच्या फाटकाची किल्ली परत देऊन गेला. तिची अनामत मी नोलाच्या बहिणीच्या पत्त्यावर चेकने पाठवली. तिथे असे कोणी राहत नाही, असा शिक्का घेऊन पाकीट परत आले. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

टॅकेट यांना पंचवीस डॉलर देणे बाकी आहे.