रेघेवर बसलेले ठिपके

बाईंना एका जागी बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. संशोधनशाळेत चार वर्षं त्यांचं एकच काम चाललेलं. रबर ताणलं की आतल्या विस्कटलेल्या साखळ्या एका दिशेला येतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. किती ताणल्यावर किती बनतील, हे गणितानं आधीच सांगायचं. स्फटिक बनले तर चीर तिथंच अडते, नाही बनले तर टायर फाटतं. तेवढ्यासाठी बाईंची झोप उडालेली. खुर्चीतून खिडकीशी, खिडकीपासून खुर्चीशी. बोटांत सतत रबरबँड.

उद्या समितीसमोर मांडणी होती. गणिताची रेघ आणि यंत्रावर मोजलेले ठिपके जुळले तर काम पुढे चालणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ठिपके तर रेघेवर शहाण्या मुलांसारखे बसले होते. तरी बाईंच्या जिवाला चैन पडेना. कितीतरी काळानं त्या खाली यंत्राच्या खोलीत गेल्या.

यंत्र चालवणारे काका रबराची नवी पट्टी लावायच्या बेतात होते. लावण्याआधी त्यांनी ती हातानंच दोनतीनदा चांगली ताणली आणि सोडली.

"काका, हे काय?"

"जरा सैल करतो. पहिल्यांदा ओढली की अडून बसते."

"नेहमी करता?"

काकांनी नजर चुकवली. "पहिल्या वर्षी नव्हतो करत. ठिपके कुठच्या कुठे जायचे. तुमचा चेहरा एवढासा व्हायचा, धड जेवायच्या नाहीत. एकदा आधी ओढून पाहिली, तर जुळलं की! मग तसंच चालू ठेवलं."

बाईंनी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली. कोरं टायर पहिल्याच दगडावर आपटतं, तेव्हा त्याला आधी कोण कुरवाळायला बसलंय? त्यांना काकांचा भयंकर राग आला. त्यांनी दुसरी पट्टी काढली, न ताणता यंत्रात अडकवली आणि बटण दाबलं. निम्म्यातच कागदावरचे ठिपके रेघ सोडून वर निघाले ते परत आलेच नाहीत.

"उद्या माझं नाव सांगा, बाई," काका म्हणाले. "चूक माझी आहे."

"उद्या सगळ्यात आधी हाच कागद दाखवणार आहे. पण तुमचं नाव कशाला?" बाईंनी यंत्रातून कागद काढून घेतला. "जुळत नव्हतं तेव्हा दिवसातून दहादा येऊन तुम्हाला भंडावून सोडायचे. जुळायला लागल्यापासून तीन वर्षांत एकदा तरी विचारायला आले का मी?"