रडून घरी जा म्हणणाऱ्या अक्का

अक्का आम्हां नर्सना वॉर्डात रडू द्यायच्या नाहीत, आणि रडल्याशिवाय घरी जाऊ द्यायच्या नाहीत. करोनाच्या दिवसांत धुळ्याच्या आमच्या रुग्णालयात त्या मुख्य नर्स होत्या, मूळच्या शिरपूरकडच्या. आवाज असा खणखणीत, की मास्कमधूनही शेवटच्या खाटेपर्यंत पोचायचा.

आमच्याकडे कुणी गेलं की लोक त्या घरी दारावर बसायला जातात. साथीत तेही बंद झालं. अक्कांनी ती रीत आमच्यासाठी सुरू केली. जिच्या पाळीत पेशंट गेला, तिच्याजवळ ड्यूटी सुटल्यावर सगळ्यांनी कडुनिंबाखाली अंतर ठेवून बसायचं. उपदेश कुणी करायचा नाही. एक तरणाबांड केळीवाला माझ्या डोळ्यांदेखत गेला, तेव्हा मी नुसती दगड होऊन बसले होते. अक्का म्हणाल्या, "रडी ले माय. तुना पेशंट व्हता तो."

पुढे आमचं मन मोकळं करायला एक समुपदेशक पाठवले गेले. बोलायला मोठे गोड. इथलं बोलणं इथंच राहील, असा शब्द त्यांनी दिला. तरी कुणी तोंड उघडेना. मग आमची भीड चेपावी म्हणून अक्काच आधी बोलल्या. भाकरी थापतानाही कानात मशीनचा आवाज येतो, आणि हल्ली सलाईन लावण्याआधी हात थरथरतो, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यांच्यामागून आम्ही सगळ्या बोललो.

आठवडाही झाला नसेल. अधीक्षकांनी भर वॉर्डात अक्कांना विचारलं, "हात थरथरतात ना तुमचे?" समुपदेशक शेजारीच मोबाइल चाळत उभे होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

अक्कांना वॉर्डातून काढून चादरींच्या कोठीत बसवलं. मी भांडायला निघाले, तर त्यांनी हात धरला. "मी खरं बोलनू माय, तेच चुकनं." थोड्याच दिवसांत नोकरी सोडून त्या शिरपूरला गेल्या. कडुनिंबाखाली पुन्हा कुणी बसलं नाही.

परवाच्या डेंग्यूच्या साथीत नव्या समुपदेशक बाई आल्या. भल्या वाटल्या. काय होतंय ते सांगा, असं त्यांनी परोपरीनं विनवलं. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "आम्हांला काही त्रास नाही, मॅडम." त्यातल्या निम्म्या जणींनी अक्कांना पाहिलेलंही नव्हतं.