अंकलच्या खिशातला बाळ येशू

थांबा, आधी हे ऐका, बाकीची कामं मग! दोन दिवस झाले, माझा राग उतरत नाही आणि घरात आता ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. नाताळ पंचवीस डिसेंबरला आपोआप येतो असं तुम्हाला वाटत असेल तर साफ चूक. आमच्या गोव्यातल्या हरमलमध्ये तो शेजारच्या अंकलनी परवानगी दिल्यावर येतो.

अंकल म्हणजे आयुष्यभर मोठ्या प्रवासी जहाजांवर वाढपी होते, आता रिटायर होऊन आमच्या शेजारी एकटेच राहतात. आम्ही सावंतवाडीकडचे हिंदू, बाबा टुरिस्टांना खोल्या भाड्याने देतात. पण चर्चचं अख्खं वर्ष मला पाठ आहे, कारण अंकलची कपड्यांची दोरी! चर्चमध्ये ज्या काळाला जो रंग, त्याच रंगाचा यांचा शर्ट. नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळा शर्ट, ईस्टरआधीच्या उपवासात परत जांभळा, हुतात्मा संतांच्या सणांना लाल, आणि काही विशेष नसलं की महिनोन्‌महिने हिरवा. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी तर चक्क गुलाबी. नाक्यावरची पोरं ओरडली, "अंकल, लग्न कोणाचं?" अंकल कॉलर ताठ करून म्हणाले, "आज आनंदाचो आयतार रे! अर्दी वाट सोंपली." एकदा किनाऱ्यावरच्या एका शॅकवाल्याने, म्हणजे झोपडी-हॉटेलवाल्याने, डिसेंबर लागल्या लागल्या नाताळाची गाणी लावली, तर हे लिंबूसोडा मागवून स्पीकरशेजारीच कानात बोटं घालून बसले. गाणी बंद झाल्यावरच उठले आणि जाता जाता, "वऱ्हाड येवच्या आदीं जेवंक बसतात काय रे तुमी?"

आणि तीन राजे! दरवर्षी नाताळ झाला की त्यांचे तीन मातीचे राजे आमच्या खिडकीत येऊन बसतात. का? तर बाळ येशूला बघायला राजे पूर्वेकडून आले आणि अंकलच्या घराची पूर्व म्हणजे आमची खिडकी. मग रोज सकाळी अंकल त्यांना थोडं थोडं पुढे सरकवणार, खिडकीतून पायरीवर, पायरीवरून कुंपणावर. एकदा मी स्कूटर काढली आणि सीटवर उंटवाला राजा! आई देव पुसताना त्यांनाही पुसून घेते. चिडायचं काम माझ्या एकटीवर.

तर या वर्षी गावात गोठ्यांची स्पर्धा होती. गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा; आमचा अंकलच्या अंगणात, मूर्तीही त्यांच्याच. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, आम्ही पोरांनी जीव ओतला. नाचणी रुजत घालून हिरवंगार शेत केलं, माशांच्या टाकीची मोटर बसवून मी धबधबा पाडला, पहिल्या दिवशी मेंढरं वाहून गेली, तो परत बांधला. समोरच्या वाड्याला आम्ही आजवर एकदाही हरवलेलं नाही. निकाल नाताळच्या दिवशी सांगायचा म्हणून परीक्षक तेवीस तारखेलाच आले. धबधबा बघून खूश! आणि मग त्यांच्यातल्या मॅडम वाकून म्हणाल्या, "अरे, बाळ कुठाय?"

गव्हाणीत नुसतं गवत. सगळ्यांच्या माना अंकलकडे. त्यांनी जांभळ्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "हांगा आसा. जल्मूंक ना अजून."

"अहो, फोटोपुरतं तरी ठेवा," मॅडम म्हणाल्या. "पहिला नंबर तुमचाच आहे, पण बाळाशिवाय गोठा कसा धरायचा?"

"अंकल, प्लीज! दोन मिनिटं! कोण बघतंय?" माझा आवाज फाटलाच.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते. पण ते हळूच म्हणाले, "बाय, जहाजार डिसेंबर लागलो की दर फेरीक नाताळ. नवे लोक चडले की परत केक, परत आमच्या तकलेर तांबडी टोपी. एका म्हयन्यांत चार-चार नाताळ वाडले हांवें. तांतूंतलो म्हजो नाताळ खंयचो, तें कळूंकच ना." मग खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि ते बोटभर बाळ माझ्या तळहातावर ठेवलं. "गोठो तुजो. तुका जाय जाल्यार घाल."

हवं असेल तर घाल म्हणे! ही काय पद्धत झाली? नाही म्हणायचं ना सरळ! आता मी काय करणार? आई मागून, "घाल गे, नंबर जाईल!" पोरं मागून, "घाल, घाल!" आणि ते बाळ खिशातल्या उबेने कोमट झालेलं. मी वाकले, हात गवतापर्यंत नेला. अंकल धबधब्याकडे बघत उभे होते, मुद्दाम, मला अवघड जाऊ नये म्हणून. नाही घालता आलं मला. परत त्यांच्या रुमालात ठेवलं. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि त्या गेल्या.

आज निकाल लागला. पहिला नंबर समोरचा वाडा! त्यांचं बाळ महिनाभर उताणं पडलेलं, अंगावर मुंग्या फिरतायत, त्यांना ढाल! अन्याय आहे हा, सरळ अन्याय! आणि पोरं माझ्याशी बोलत नाहीत ते वेगळंच.

पण एक सांगते. आज सकाळी आईने खिडकी उघडली आणि म्हणाली, "ठेवलं गे त्यांनी बाळाला." आणि मी तशीच धावले, चपला न घालता, केस न विंचरता. इतकी वर्षं शेजारी राहते, गोठ्यातलं बाळ बघायला मी कधी धावले नव्हते. नाताळला ते तिथे असायचंच ना. अंकल पायरीवर एकटेच बसले होते. सरकून त्यांनी मला जागा दिली. आम्ही दोघं बाळाकडे बघत बसलो.

राग आहेच हं अजून! पण खरं सांगा, तुम्ही कधी कोणासाठी असं हातातलं घालवलंय का, आणि मग त्याच्यावर धड चिडताही आलं नाही, असं झालंय का तुमचं?