खात्याची जीप

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील धान पिकवतात, आई आजही लोकांच्या बांधीत धानाची रोपं लावायला, रोवण्याला जाते. म्हणून भंडाऱ्यात बायकांच्या निवारागृहात नोकरी लागली आणि गळ्यात ओळखपत्र आलं, तेव्हा रविवारी गावी, शहापूरला घरी जातानाही मी ते काढत नसे. एसटीतून उतरताना लोकांनी पाहावं असं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

सुटका करून आणलेल्या बायकांच्या घरी जाऊन चौकशी करायची आणि कोर्टासाठी अहवाल लिहायचा, हे माझं काम. अहवालाच्या शेवटी एक रकाना असतो : कोणाच्या ताब्यात द्यावे.

त्या पावसाळ्यात एक बावीस वर्षांची मुलगी आली. नागपुरात कपड्याच्या दुकानात काम लावून देते म्हणून ओळखीच्याच एका बाईनं तिला नेलं आणि लॉजवाल्याला विकलं. पुढे धाड पडली. तिथे सापडलेले पुरुष दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी होते. त्यांना कोणाच्या ताब्यात द्यायचं, असं कोणी विचारलं नाही. हिला मात्र आपल्या जिल्ह्याची म्हणून आमच्याकडे पाठवलं, कुलूपबंद फाटकाच्या आत. कागदावर त्याला संरक्षण म्हणतात.

"ताई, मले घरी जायचं आहे," ती रोज म्हणायची. "बाबा रागावतील, पण घेतील. फक्त गावाले नका कळू देऊ."

"नाही कळत. तुझं नाव कुठंच येत नाही. कायदाच आहे तसा," मी म्हटलं. मोठ्या ऐटीत म्हटलं.

तिचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. नवी वसाहत म्हणजे सरळ रस्ते आणि समोरासमोर घरं. या टोकाची म्हैस त्या टोकावरून दिसते. तिथे एसटी जाते. पण मी साहेबांकडे जीप मागितली. पहिल्यांदाच मिळाली. समोर लाल अक्षरांत खात्याची पाटी : महिला व बालविकास.

वसाहतीत वळलो आणि बाया-माणसं धावत आली. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"म्याडम, आमचा प्लॉट नावावर काहून नाही होऊन राहिला?"

"मोजणीवाले कधी येतेत?"

त्या गावासाठी सरकारी जीप म्हणजे पुनर्वसनाचा साहेब. हे मला सुचायला हवं होतं. माझ्या मामाचंही गाव धरणात गेलं. अशीच पिशवी त्यांच्या खुंटीला टांगलेली असते. मी त्या कामाची नाही, म्हटलं. गर्दी हलेना, तेव्हा चालकभाऊंना सांगितलं, घर विचारा. त्यांनी काच खाली करून तिच्या वडिलांचं नाव घेतलं.

एका म्हाताऱ्यानं पाटी मोठ्यानं वाचली. "अरे, हे तर महिलावाली जीप आहे!"

मग सगळे पिशव्या घेऊन आमच्या मागोमाग आले. तिचे वडील दारात उभे होते.

"आमची पोरगी नागपूरले नर्सिंगले आहे. तुमचं घर चुकलं."

"काका, दोन मिनिटं आत बसून..."

"चुकलं म्हनलं ना, बाई."

मागून कोणीतरी हसलं. "नर्सिंग म्हने!"

तिच्या आईनं पाण्याचा गडवा पुढे केला. तो देता देता हळूच विचारलं, "जेवते का ते?" मी मान डोलावली. तेवढीच चौकशी झाली.

परतले तेव्हा ती निवारागृहाच्या फाटकाजवळच वाट पाहत बसली होती.

"एसटीनं गेल्या होत्या ना, ताई?"

माझी नजर फाटकाबाहेरच्या जीपकडे गेली.

"जीप?" ती हसली. "आमच्या गावात जीप आली का लोकं ताटावरून उठतेत."

मग भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतर घरी जायचं आहे, असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

संध्याकाळी मी माझ्या भाड्याच्या खोलीवर जायची, एकटीपुरता भात टाकायची. ही खोलीसुद्धा वडिलांनी गावाहून येऊन सही केल्यावर मिळाली होती. पगार माझा, पदवी माझी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता भात ढवळताना ती सही आठवायची.

निवारागृहातून आधी सुटलेली तिची एक सोबतीण नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत लागली होती. ती हिला खोलीत घ्यायला तयार झाली. मी अहवाल पुन्हा लिहिला. शेवटच्या रकान्यात लिहिलं : प्रौढ आहे, स्वतःच्याच ताब्यात.

"असं कुठं असते?" साहेब म्हणाले. "बाप घेत नाही तर राहू दे इथंच. सुरक्षित आहे."

"सर, कुलूप काढा आणि मग विचारा तिला, किती सुरक्षित आहे."

मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला. तो तसाच गेला. कोर्टात तिला विचारलं, कुठं जाशील? तिनं सांगितलं. महिनाभरानं सोडण्याचा आदेश आला.

निघायच्या दिवशी फाटकासमोर जीप उभी होती. "चल, स्टँडवर सोडते," मी म्हटलं.

"नाही ताई. त्या जीपमधी नाही."

"मग चालत येते तुझ्यासोबत."

तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं. "हे काढान?"

ओळखपत्र काढून मी पर्समध्ये टाकलं. आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो, कोणत्याही दोन बाया जातात तशा.  ती एसटीत खिडकीशी बसली. बस सुटली तेव्हा तिनं हात हलवला नाही, मीही नाही.

रविवारी घरी गेले. आई तांदूळ निवडत होती. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाली, "काय वं, कार्ड हरपवलं का?"

"नाही. आहे."

"मंग काहून नाही घातलं? लोकं पाहतेत, मले बरं वाटते."

आईला सांगता येत नव्हतं. तिचं नाव कुठंच यायचं नाही, कायदाच आहे तसा. मी सूप जवळ ओढलं आणि तिच्यासोबत खडे वेचत बसले.