पाचगणीवाल्या बाईंचा पिझ्झा

सांगलीतल्या आमच्या कॉलनीत रविवारचं मटण शिजायचं ते खिडक्या लावून. अकरा वाजले की एकेका स्वयंपाकघराच्या काचा सरकायच्या, दारात उदबत्ती लागायची आणि सगळी गल्ली कशी सोज्वळ दिसायला लागायची. एकट्या पाचगणीवाल्या बाई उलटं करायच्या. पातेलं चढवायच्या आधी त्या मागचं दार उघडायच्या, मग पुढचं, आणि खिडकीचा पडदा बाजूला सारून सुतळीने बांधून टाकायच्या. कुणी नाक मुरडलंच तर म्हणायच्या, "चोरून आनलेलं न्हाई, रांगंत उभं ऱ्हाऊन आनलंय. त्याचा वास मी का कोंडू?"

बाई मूळच्या पाटणकडच्या. पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या भटारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. मुलगा वीज खात्यात इंजिनीअर झाला, नव्वदीच्या सुरुवातीला बदलून सांगलीला आला आणि आईला घेऊन आमच्या शेजारच्या घरात राहायला लागला. त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती. ती दिसली आणि कॉलनीला जे समजायचं ते समजलं. त्यांचं आडनाव काही अवघड नव्हतं, पण ते तोंडाने घ्यायला नको म्हणून 'पाचगणीवाल्या' हे नाव पडलं. मीही तेच म्हणत होते. सवयीने आजही तेच लिहिते आहे, हे कबूल केलेलं बरं.

आम्ही जैन, हळदीच्या व्यापारातले. घरात कांदा-लसूण नाही, आणि दिवस मावळल्यावर सासूबाई पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. माझं आणि बाईंचं बोलणं सुरू झालं ते मधल्या कुंपणावरून. पहिलाच प्रश्न त्यांनी सरळ विचारला, "वैनी, कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग आमटीला चव कशानं येती तुमच्यात?" मी वाटीभर आमटी दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत करताना त्यांनी निकाल दिला, "चव हाय. पर जेवल्यागत वाटंना." मला हसू आलं. पुढे माझ्या वाट्या त्यांच्याकडे जात राहिल्या, त्यांच्या घरचं मात्र मी काही खाल्लं नाही. माझ्याकडे धर्माचं कारण होतं, आणि ते खरंही होतं. पण खरं कारण हाताशी असलं की माणूस त्याच्या आड आणखी काय काय लपवतो, हे मला तेव्हा बघायचं नव्हतं.

परसात त्यांनी स्वतः भट्टी रचली होती. तेलाचं जुनं पिंप आडवं टाकून वरून विटा आणि माती. त्यात महिन्यातून एकदा त्या पिझ्झा भाजायच्या. तेव्हा सांगलीत पिझ्झा म्हणजे मासिकातला फोटो. पाचगणीच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या परदेशी मॅडमनी तो त्यांना शिकवला होता. मैद्याची जाडसर भाकरी, टोमॅटोची घट्ट चटणी, वर कोरडा परतलेला खिमा आणि बोकडाच्या चान्या. चान्या म्हणजे मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या. त्या बाईंच्या आईच्या हातच्या, मॅडमच्या पाककृतींच्या वहीत नसलेल्या. बाई म्हणायच्या, "आमच्या दारात वाळलं तवा लोक रस्ता बदलत हुती. मॅडमनी काचंच्या बशीत घिऊन खाल्लं आन म्हणाली, आनखी दे."

आणि सगळ्यात वर ते निळं चीज. ते त्या घरीच करायच्या. दूध नासवून, फडक्यात दाबून, मीठ लावून त्याचा गोळा करायचा. त्यात आधीच्या चीजचा चिमूटभर चुरा मिसळायचा आणि वारा आत शिरावा म्हणून दाभणाने आरपार भोकं पाडायची. मग फ्रिजच्या तळच्या कप्प्यात दोन-दोन महिने ठेवून द्यायचं. त्याला आतून हिरवट निळ्या शिरा फुटायच्या आणि वास असा सुटायचा, की तो आमच्या देवघरापर्यंत यायचा. "ही बुरशी न्हवं वैनी, इरजण हाय," त्या सांगायच्या. मॅडमनी परत जाताना दिलेल्या एका तुकड्यावरून त्यांनी ते विरजण इतकी वर्षं जगवलं होतं.

एकदा बाई चार दिवस गावी गेल्या. त्यांची सून गुणी पोरगी. फ्रिज पुसायला काढला तेव्हा तिला तो गोळा दिसला आणि सासूबाईंचं काहीतरी बुरसलं म्हणून ती हळहळली. ओल्या हवेत पापडांना बुरी आली की आपण करतो तेच तिने केलं. फडक्याने पुसला, हळद-मीठ चोळलं आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ताटलीत ठेवला. सांगलीचं ऊन ते. संध्याकाळपर्यंत गोळा वितळून पसरला आणि कुरडया तुपात भिजल्यासारख्या झाल्या होत्या. बाई आल्या, गच्चीवर गेल्या, आणि ताटलीपाशी बसून पोट धरून हसल्या. कप्प्याच्या कोपऱ्यात चिकटलेल्या कणावरून त्यांनी पुन्हा विरजण लावलं. सुनेला एवढंच म्हणाल्या, "पोरी, दिसलं की पुसायचं, ही आपली शिकवन. पुसायच्या आदी इचारत जा."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. कॉलनीच्या महिला मंडळाची दरवर्षी पाककला स्पर्धा असे. अक्षर चांगलं म्हणून मी मंडळाची चिटणीस, गुणांची वहीही माझ्याकडे. एका वर्षी बाईंनी पहिल्यांदा नाव दिलं आणि सांज्याच्या पोळ्या करून आणल्या. शुद्ध शाकाहारी, साजूक तुपातल्या, कडेपर्यंत सारखं सारण. परीक्षक दोघी होत्या, एका शाळेच्या मुख्याध्यापिका आणि एक डॉक्टरीणबाई. दोघींनी ताटाभोवतीची फुलं पाहिली, रांगोळी पाहिली, माना डोलावल्या आणि पुढे सरकल्या. बाईंना मांडणीसाठी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. चवीच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी त्या कुंपणापाशी आल्या. "आठ पोळ्या न्हेल्या हुत्या वैनी. आठ माघारी आल्या." मी कुंपणावरची वेल नीट करू लागले. "मऊ हुत्या का वो?" त्यांनी विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. त्या पोळ्यांत माझ्या धर्माला चालणार नाही असं काही नव्हतं आणि स्पर्धा संपल्यावर ताटं उचलणारीही मीच होते. मीही एक तुकडा मोडला नव्हता. त्या प्रश्नाची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी बाईंनी फॉर्म भरून माझ्या हातात दिला. पदार्थाचं नाव: खिमा, चान्या आणि निळं चीज घातलेला पिझ्झा. मी घाबरले. म्हटलं, "बाई, स्पर्धा शाकाहारी असते."

"नियमात लिवलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती. त्यांचा मुलगाही गयावया करून गेला होता, "आई, मला इथं नोकरी करायची आहे, जरा दमानं घे." त्याला त्या म्हणाल्या होत्या, "नोकरी तू कर. रांधायचं माझं मी बगते."

"निदान ते चीज तरी नका घालू," मी म्हटलं. "वासाने पळतील लोक."

त्या कुंपणाला टेकल्या. "आवं, ऐका. गेल्या साली ज्यांनी खाल्लं न्हाई त्यास्नी कारन काय हुतं? काय बी न्हाई. औंदा मी कारन देते. जी खरंच खात न्हाई तिनं हात जोडावं, मला राग न्हाई. पर जी रव्वारी खिडकी लावून सागुती खाती, तिनं सगळ्यांच्या म्होरं एक तर खावं, न्हाई तर का खात न्हाई ते बोलावं. आन चीज मी मॅडमनी शिकवलं तसंच घालनार. लोकांच्या नाकाच्या सोईनं मी रांधत न्हाई."

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मला निरोप धाडला, की फॉर्मवर मागल्या तारखेने 'फक्त शाकाहारी' एवढं लिहून टाका. मी पेन शोधते आहे असं दोन दिवस दाखवलं. याला धैर्य म्हणत नाहीत, पण लिहिलं नाही हेही खरं.

स्पर्धेच्या दिवशी दुपार कलल्यावर बाई भट्टीतून काढलेला गरम पिझ्झा परातीत घेऊन सभागृहात आल्या. चीज वितळून उकळत होतं. खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज मला ऐकू आले. परीक्षक त्याच दोघी होत्या. डॉक्टरीणबाई खऱ्याच शाकाहारी. त्यांनी हात जोडले, "मी खात नाही हो." बाईंनीही हात जोडले, "बरूबर हाय." मग त्या मुख्याध्यापिकाबाईंपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी दर रविवारी काय शिजतं ते उदबत्तीसकट सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"आज माझा उपवास आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मघाशी तीन खिरी झाल्या की तुमच्या."

सभागृहात कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिकांनी खाली मान घालून वही ओढली आणि मांडणीचे गुण लिहायला घेतले. बाईंनी वहीवर पालथा हात ठेवला. "मांडनीचं गेल्या साली मिळालंय." मग त्यांनी परीक्षकांच्या रांगेतली रिकामी खुर्ची ओढली, पदर खोचला, आणि सगळ्या मंडळासमोर बसून आपला पिझ्झा खायला सुरुवात केली. घाई नाही की बोलणं नाही. एक तुकडा, मग दुसरा. चान्या दाताखाली नीट चावून. जवळजवळ अर्धी परात संपवून त्यांनी हात पुसला आणि माझ्याकडे वळल्या.

"लिवा वैनी. चव."

मी पेन उचललं. त्या म्हणाल्या, "आसं न्हाई. खाल्ल्याबिगर लिवू नगा." आणि पिशवीतून त्यांनी एक छोटा डबा काढला. त्यात वीतभर पिझ्झा होता, वर टोमॅटो, ढबू मिरची आणि ताजं पनीर. "यीस्ट न्हाई, कांदा-लसूण न्हाई. परात येगळी, सुरी येगळी, भट्टी पेटवली तवा पयला ह्योच भाजला."

ज्या बाईंना घरोघरी वेगळा कप काढून ठेवलेला असायचा, त्यांनी माझ्या नियमासाठी वेगळी सुरी ठेवली होती. मी उगाच खिडकीबाहेर बघितलं. काय शोधत होते ते मला माहीत होतं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनाही.

"दिवस मावळायला वेळ आहे अजून," सासूबाई म्हणाल्या.

मी तो पिझ्झा उभ्यानेच खाल्ला, सगळा. खालची भाकरी खमंग होती आणि कडेला थोडी करपली होती. वहीत चवीच्या रकान्यात मी लिहिलं, 'उत्तम, कड करपलेली', आणि खाली सही केली. बाईंनी वाकून वाचलं. "कड करपली खरी," त्या म्हणाल्या आणि परात उचलून निघाल्या.

बक्षीस मिळालं नाही. पुढच्या वर्षी 'फक्त शाकाहारी' असं छापून आलं आणि वही माझ्यापेक्षा गचाळ अक्षराच्या बाईंकडे गेली. पण त्या दिवशीचा वास सभागृहाबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या नाकात गेला होता. पोरं घरी हट्ट धरायला लागली, तेव्हा आयांनी मोलकरणींच्या हाती रिकामे डबे धाडले. बाईंनी सगळे डबे रिकामेच परत केले. "डब्यात मिळायचं न्हाई. माझ्या ओट्यावर बसायचं, ताट माझं, पानी माझं. मग पायजे तेवढं खा." काही जणी महिनाभर रुसल्या. काही जणी तिन्हीसांजेला, अंधूक उजेड बघून आल्या, तर बाईंनी ओट्यावरचा दिवा लावला. हळूहळू येणाऱ्या वाढल्या. मुख्याध्यापिका मात्र आल्या नाहीत, आणि बाईंनीही त्यांचं नाव कधी काढलं नाही.

पुढे मुलाची बदली साताऱ्याला झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा मी ओट्यावर सुनेला भांडी बांधू लागत होते. फाटक वाजलं. मुख्याध्यापिका एकट्याच आल्या होत्या, भर अकरा वाजता, हातात डबा नाही की पिशवी नाही. त्या म्हणाल्या, "जाताय असं कळलं." बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटेत खायला म्हणून सकाळी भाजलेला पिझ्झा सोडला. बांधलेल्या पोत्याची गाठ सोडून ताट काढलं, तांब्या भरून ठेवला. "बसा."

मुख्याध्यापिका पायरीवर बसल्या आणि खाल्लं. खिमा, चान्या, चीज, सगळं. मधेच एकदा त्यांचे डोळे मिटले गेले. पाणी प्याल्या, आणि म्हणाल्या, "त्या दिवशी माझं..."

"त्ये ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या. "चव सांगा."

मुख्याध्यापिकांनी ताट खाली ठेवलं. "खरं सांगू? खिमा फार चांगला आहे. ते चीज नाही आवडलं मला. घशाखाली उतरेना."

सुनेने माझा हात दाबला. आता बाई काय बोलतात या भीतीने मी पोत्याकडे बघत राहिले. पण बाईंचा चेहरा असा फुलला होता, जसा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तांब्या उचलला आणि मुख्याध्यापिकांचं फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरलं.

"झ्याक," त्या म्हणाल्या. "ह्या कॉलनीत सात वरसं काडली. खाऊन तोंडावर नावं ठिवनारं आज पयलं मानूस भेटलं."