शेंदूर लागलेला रूळ

अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे गोपाळकृष्ण शेवडे यांनी रबराच्या रुळाशी दुसरं लग्न लावलं आहे, असं त्यांची बायको चारुशीलावहिनी चारचौघींत सांगायची. घरात सदा जळक्या रबराचा वास. "सवत आणली, तीही असल्या वासाची," म्हणायची. गोपाळरावांत हसण्याचंही त्राण नसे. कॉलेजात मागून त्यांना रूळबुवा म्हणत. नाव कोणी ठेवलं ते विचारू नका.

कापसातून सरकी वेगळी करणारं जिनिंगचं यंत्र म्हणजे रेचा. त्यात चामड्याचा रूळ फिरतो, रुई धरून ओढतो आणि सरकी मागे गळते. ते चामडं विलायतेहून यायचं, आणि एकोणीसशे एकोणसाठच्या सुमाराला सहजी मिळेनासं झालं. गोपाळराव त्याआधीपासूनच कापडाच्या चकत्या आणि रबर दाबून इथल्या इथं रूळ करायच्या खटपटीत होते. रबर जास्त झालं की रूळ तापायचा, कमी झालं की लक्तरं निघायची. त्यात केस गेले, झोप गेली. शेवटी एक रूळ जमला.

अकोल्याच्या एका जिनिंगचे मालक खुशालराव म्हणाले, "खंडेनवमीले एका रेच्याले लावून पाहू. चालला तं साऱ्याच रेच्यांले हाच. नाई तं त्याच दिवशी दलालाकडे चामडं नोंदवतो."

बडनेऱ्याहून आम्ही गाडीनं गेलो. रूळ गोपाळरावांच्या मांडीवर. त्यांच्याच कॉलेजातला मी सोबत, कारण खुशालरावांकडचं जेवण.

रूळ चढला, पण यंत्रांच्या पूजेचे गुरुजी आलेच नाहीत.

"मास्तर, तुमी तं भिक्षुकाच्या घरचे. तुमीच उरका," खुशालराव म्हणाले.

"मला आता सवय राहिली नाही."

"पोहणं अन् पूजा कोणी विसरते काय?"

विसरले नव्हते, तेच नडलं. वडिलांकडे मारुतीचं देऊळ. लहानपणी शनिवारी तेल-शेंदरानं मारुती माखायचं काम यांचं. तोंडानं मंत्र सुरू झाले आणि हात आपोआप चालू लागले. फिटर पंजाबरावानं तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी पुढे केली. बाकीच्या रेच्यांना एकेक टिळा, पण आपल्या रुळाला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत, मायेनं. मी पाहत होतो. मला वाटलं, छान दिसतोय.

रेचा सुरू झाला. रूळ फिरतोय आणि कापूस जागच्या जागी नाचतोय.

"धरूनच नाई राहिला," पंजाबराव म्हणाला.

"देवाले पटलं नाई," मागून कोणीतरी.

गोपाळरावांनी यंत्र थांबवायला लावलं, रुळावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "तेलानं घसरतोय. सोड्यानं धुऊ द्या, चालेल."

पंजाबराव आडवा झाला. "चढवलेला शेंदूर खरवडाचा? आपोआप झडू द्या लागते. या फिरत्या पट्ट्यांत आमचे हात असतात, मास्तर."

खुशालरावांनी तोड काढली. "पूजा तुमी केली, तुमीच सांगा. शास्त्रात चालते काय? तुमी हो म्हटलं का हे आयकतीन."

नुसतं हो म्हणायचं होतं. मी डोळ्यांनी खुणावून थकलो. संस्कृतच्या नावानं पावकी-निमकी पुटपुटले असते तरी भागलं असतं. पण ज्यानं रबराच्या चाचणीतला एक आकडा कधी सोयीनं फिरवला नाही, तो माणूस शास्त्र कुठून फिरवणार?

"चालतं असं मी कुठं वाचलेलं नाही," म्हणाले. "चालत नाही असंही नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे मला माहीत नाही."

पंजाबरावानं रूळ आसासकट अलगद उतरवला आणि जुना चामड्याचा चढवला. खुशालरावांना वाईट वाटलं. त्यांनी मास्तरांच्या पानात दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या, त्या मी खाल्ल्या. दलालाकडे माणूस मात्र संध्याकाळच्या आत गेला.

गाडीत मी म्हटलं, "गोपाळराव, एका शब्दाचं काम होतं."

"दमलोय रे," म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकलं.

सकाळी मी मुद्दाम चहाला गेलो. रूळ ओसरीत भिंतीशी उभा केलेला. गोपाळराव सोडा आणि फडकं घेऊन बाहेर येतात तो फुलं घेऊन येणारी पार्बताबाई त्याच्यावर झेंडू वाहून हात जोडून उभी.

"कोणता देव आणला, मास्तर?"

चारुशीलावहिनी दारातून म्हणाली, "सांगा आता. पुसलं तर चालतं का?"

गोपाळरावांनी एकदा झेंडूकडे पाहिलं. फडकं खांद्यावर टाकलं, मागल्या दारी गेले आणि कापडाच्या नव्या चकत्या कापायला बसले.